चाकाचा नट किती आवळायचा?

रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे, पंक्चर चाक काढून स्टेपनी चढवली आहे आणि चालक एल पान्याच्या दांडीवर पाय देऊन, टपाला धरून, अंगाचं सगळं वजन नटावर टाकतो आहे. हे दृश्य कुठल्याही महामार्गावर दिसतं. हेतू चांगलाच असतो, चाक सुटू नये एवढाच. पण जरा हिशेब करा. ७० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साधारण २०६ न्यूटन मीटर पीळ, म्हणजे टॉर्क, पडतो. छोट्या गाडीच्या नटासाठी कंपनीने सांगितलेला आकडा बहुधा ८५ ते ११० च्या दरम्यान असतो. म्हणजे त्याने जवळजवळ दुप्पट आवळलं. आणि जो घाईत, उकाड्यात, एका हाताने पाना फिरवून उठतो, तो कदाचित निम्म्यावरच थांबलेला असतो. दोघांनाही आपण नट 'घट्ट' आवळला असंच वाटतं.

घरी चाक बदलणारे लोक आता वाढत आहेत. टायर रोटेशन, ब्रेक पॅड पाहणं, अलॉय बसवणं, हळू उतरणाऱ्या हवेचं कारण शोधणं, अशी कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज होऊ शकतात, आणि ती करावीतही. गाडी स्वतः उघडून पाहणाऱ्याला तिची तब्येत कळते. पण या सगळ्या कामांत शेवटची पाच मिनिटं, म्हणजे नट आवळण्याची, सर्वांत जपून करायची असतात. म्हणून हा लेख फक्त त्या पाच मिनिटांविषयी आणि ती नीट जावीत म्हणून आधी कराव्या लागणाऱ्या तयारीविषयी आहे.

आधी आत काय घडतं ते समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. अनेकांची समजूत असते की चाक हबमधून बाहेर आलेल्या चार-पाच स्टडवर, म्हणजे आट्यांच्या खुंट्यांवर, टांगलेलं असतं आणि गाडीचा भार स्टड उचलतात. तसं नसतं. नट आवळत गेलं की स्टड किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, पण ताणला जातो, आणि पूर्वस्थितीत येऊ पाहणाऱ्या स्प्रिंगप्रमाणे तो चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्या सपाट पृष्ठभागांमध्ये जे घर्षण तयार होतं, ते भार पेलतं. ब्रेक मारल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, वळणावर, प्रत्येक वेळी चाक हबवरून सरकू पाहतं आणि हे घर्षण त्याला सरकू देत नाही.

हा दाब किती असतो? १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर कोरड्या आट्यांनी १०० न्यूटन मीटर टॉर्क दिला, तर ढोबळ मानाने एका नटामागे चार टनांच्या आसपास दाब तयार होतो. चार नट म्हणजे सोळा टन. एक टनाची गाडी, तिच्या एका चाकावर अडीचशे-तीनशे किलो, आणि त्या चाकाला सोळा टनांनी दाबून धरलेलं. हा राखीव दाब म्हणजेच आपली सुरक्षितता. तो अर्ध्यावर आला की चाक हबवर सूक्ष्म हालचाल करू लागतं. त्या हालचालीने नट आणखी सैल होतो, स्टडवर आडवा भार येतो, आणि आडव्या भारासाठी स्टड बनवलेलेच नसतात. चाक निघून गेल्याच्या बऱ्याच घटनांमध्ये स्टड तुटलेले सापडतात. त्यावरून लोक म्हणतात, स्टड खराब होते. अनेकदा क्रम उलटा असतो. नट आधी सैल झालेले असतात, स्टड नंतर थकून तुटतात.

जास्त आवळण्याचंही असंच आहे. स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला की तो परत येत नाही. लांब होऊन तसाच राहतो, आणि मग त्याच्यात दाबून धरण्याची ताकद उरत नाही. आटे ओढले जातात. अलॉय चाकाची नटाखालची बैठक चेपते. नट कमी-जास्त आवळलेले असतील तर ब्रेकच्या डिस्कवर असमान ताण येतो आणि काही दिवसांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागतं. गॅरेजमध्ये डिस्क 'वाकडी' झाली म्हणून बदलून घेणाऱ्यांपैकी काहींचं मूळ दुखणं या नटांतच असतं. शिवाय अशा नटाची खरी शिक्षा पुढच्या पंक्चरला भोगावी लागते. रात्री, पावसात, घाटात, गाडीतल्या छोट्या पान्याने तो नट हलतच नाही.

आता आकड्याकडे येऊ. तो गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत असतो, चाक बदलण्याच्या प्रकरणात किंवा शेवटी तांत्रिक तपशिलांच्या तक्त्यात. तिथूनच घ्यायचा. शेजाऱ्याच्या गाडीचा, पंक्चरवाल्याच्या अंदाजाचा, व्हिडिओत ऐकलेला घ्यायचा नाही. कारण गाडीगणिक फरक पडतो. सुझुकीच्या जुन्या छोट्या गाड्यांना ८५ न्यूटन मीटर सांगितलेले असत, नंतरच्या अनेक मॉडेलांना १००. होंडाच्या सिटीसारख्या गाड्यांना १०८. टोयोटाच्या अनेक गाड्यांना १०३. ह्युंदाईच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये ११ ते १३ किलोग्रॅम मीटर, म्हणजे १०७ ते १२७ न्यूटन मीटर असा पल्ला दिलेला असतो. फोक्सवॅगन पोलोला १२०. हे आकडे फरक दाखवण्यासाठी दिले आहेत. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेतच पाहा, आणि एकदा सापडला की स्टेपनीच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवून ठेवा. गरज पडेल तेव्हा हात तिथेच जातो.

एककांचा गोंधळ मात्र टाळा. टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्यावर, म्हणजे टॉर्क रेंचवर, बहुधा दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन मीटरची आणि दुसरी पाउंड-फुटाची. १०० चा आकडा चुकून पाउंड-फुटाच्या पट्टीवर लावला तर प्रत्यक्षात १३६ न्यूटन मीटर पडतात. किलोग्रॅम मीटरमधला आकडा ९.८१ ने गुणला की न्यूटन मीटर मिळतात.

टॉर्क रेंच घ्यावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर ठाम आहे. जो वर्षातून एकदा जरी स्वतः चाक काढणार आहे, त्याने घ्यावा. एका टायरच्या किमतीत बसेल असं हे हत्यार आहे आणि नीट वापरलं तर अनेक वर्षं टिकतं. घरच्या कामाला 'कट' असा आवाज देणारा, अर्धा इंच चौकोनी तोंडाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटर पल्ल्याचा रेंच योग्य. आपल्याला लागणारा आकडा पल्ल्याच्या मधल्या भागात पडावा. अगदी खालच्या टोकाला हे रेंच फारसे भरवशाचे नसतात. सोबत आपल्या नटाच्या मापाचं, जाड भिंतीचं, सहा कोनांचं सॉकेट घ्या. मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटरचं, ह्युंदाई आणि टोयोटाला २१ चं, फोक्सवॅगन आणि स्कोडाला १७ चं लागतं. बारा कोनांचं सॉकेट नटाचे कोपरे झिजवतं. ते घरात असलं तरी या कामाला वापरू नका.

हा रेंच वापरण्याची रीत आहे, आणि ती मोडली की आकडा खोटा ठरतो. हात मुठीच्या ठरलेल्या जागेवरच असावा. दांडीला पाईप जोडायचा नाही. झटका न देता, संथ, एका दमात ओढायचा. 'कट' ऐकू आलं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा 'कट-कट' वाजवण्याची सवय पुष्कळांना असते, आणि प्रत्येक वाजवण्याला नट थोडा पुढे सरकत असतो. नट सैल करायला हा रेंच कधीही वापरू नये, त्यासाठी एल पाना किंवा लांब दांडी आहे. काम झालं की आकडा पट्टीच्या सर्वांत खालच्या खुणेपर्यंत उतरवून डबीत ठेवावा, कारण आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली तर माप बिघडतं. जमिनीवर पडलेला रेंच तपासून घेतल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

तयारीत पहिली गोष्ट जागा. जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, त्यांच्याखाली वाळू असते आणि जॅकच्या छोट्या पायाखाली एखादा ब्लॉक सहज खचतो. म्हणून जॅकखाली इंचभर जाडीची, फूटभर लांब-रुंद लाकडी फळी टाका. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. हे तिन्ही एकदमच का, तर हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेकने धरलेलं एकच चाक जमिनीवर उरतं. पुढचं चाक उचललं तर पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत गिअरचा किंवा पार्किंगच्या 'पी'चा धरून ठेवण्याचा उपयोग संपतो, कारण डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं. गाडी जॅकवर असताना काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सारून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

नट सैल करण्याचं काम गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच करायचं. प्रत्येक नट अर्धा फेरा, त्यापेक्षा जास्त नको. इथे मात्र पान्यावर अंगाचा भार दिला तरी चालतो, फक्त पाना नटावर पूर्ण आत बसलेला हवा.

चाक निघालं की बरेच जण लगेच दुसरं चढवतात. इथे थांबा. या लेखातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. हबचा सपाट चेहरा आणि चाकाचा त्याला चिकटणारा मागचा भाग, दोन्ही नीट पाहा. कोकणात, मुंबईत, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात वापरलेल्या गाडीच्या हबवर गंजाचे पापुद्रे हमखास सापडतात. देशावरच्या गाडीत गंज कमी, पण वाळलेला चिखल आणि ब्रेकची काळी धूळ असते. या थरावर चाक बसवून आवळलं तर रेंच अचूक आकडा दाखवेल, दाबही पूर्ण येईल, आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर थर चेपून, झडून गेला की तो दाब कुठच्या कुठे उतरलेला असेल. स्टडचा ताण मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाचा असतो, म्हणून केसाएवढा थर गेला तरी बराच ताण निघून जातो. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग धातू दिसेपर्यंत घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चाकाच्या मधल्या भोकाची आतली कडही घासा. नवा रंग मारून आणलेल्या चाकांचंही हेच. नटाच्या बैठकीवर आणि मागच्या सपाट भागावर रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तो तिथून काढायला हवा.

आणि आट्यांना तेल? हा वाद प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. 'थोडं ऑइल लावा, पुढच्या वेळी नट सहज निघेल,' असं सांगणारे मिस्त्री अनुभवी असतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, नट सहज निघतोच. अडचण वेगळी आहे. आपण लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ निम्मा नटाच्या बैठकीवरच्या घर्षणात खर्च होतो, चाळीसेक टक्के आट्यांतल्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात फक्त दहा टक्के. पुस्तिकेतला आकडा साधारणपणे स्वच्छ, कोरड्या आट्यांचं घर्षण गृहीत धरून ठरवलेला असतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि वाचलेला जोर सगळा स्टड ताणण्यात जातो. त्याच १०० आकड्याला स्टड ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून तुमच्या पुस्तिकेत स्पष्ट उलट सूचना नसेल तर आटे आणि नटाची बैठक कोरडीच ठेवा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाने खड्डे पडलेला स्टड किंवा हाताने न फिरणारा नट बदला, तेलाने त्याच्यावर पांघरूण घालू नका. चाक हबला चिकटू नये एवढीच काळजी असेल तर हबच्या मधल्या उंचवट्याच्या कडेला बोटाने पुसट ग्रीस लावा. तेवढं पुरे, आणि ते सपाट चेहऱ्यावर किंवा स्टडवर येऊ देऊ नका.

नटाची बैठकही एकदा नजरेखालून घाला. बहुतेक नटांचं तोंड शंकूसारखं निमुळतं असतं. होंडाच्या मूळ नटांचं आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ बोल्टांचं तोंड चेंडूसारखं गोलाकार असतं. टोयोटाच्या काही अलॉय चाकांना सपाट वायसर असलेले लांब नट असतात. बाजारातून घेतलेलं अलॉय बहुधा शंकूच्या बैठकीचं असतं, आणि त्यात गोल तोंडाचा जुना नट बसतो, आवळलाही जातो. पण त्याचा स्पर्श पूर्ण बैठकीवर होत नाही, एका बारीक रेघेवर होतो. तो नट सैल होणार हे ठरलेलं. नवे अलॉय घेताना त्यांच्या बैठकीचे नट सोबत मागून घ्या, आणि स्टेपनी लोखंडी असेल तर तिच्यासाठी जुने नट डिकीतच राहू द्या. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये बसणारी रिंगही लागते, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही.

आता चाक चढवू. प्रत्येक नट हाताने, बोटांनीच फिरवून लावायचा, निदान पाच-सहा फेरे. पान्याने सुरुवात केली तर नट तिरका चढला तरी कळत नाही आणि आटे जातात. बोटांना अडथळा जाणवला तर उलटा फिरवा, काढा, पुन्हा लावा. आटे किती आत जायला हवेत याचं साधं माप असं की निदान स्टडच्या जाडीइतकी लांबी पकडीत यावी. १२ मिलिमीटरचा स्टड आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतील तर आठ पूर्ण फेरे. स्पेसर किंवा जाड अलॉय बसवलेल्या गाडीत हे फेरे मोजायलाच हवेत.

फोक्सवॅगन, स्कोडा आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत स्टड नसतात. बोल्ट चाकातून थेट हबमध्ये जातो. अशा गाडीत चाक टेकवायला काही नसल्यामुळे ते हातात धरून भोक जुळवणं जिकिरीचं असतं. त्याच आट्यांची, डोकं नसलेली लांब पिन मिळते. ती वरच्या भोकात फिरवली की चाक तिच्यावर सरकवता येतं, दोन बोल्ट लागले की पिन काढायची. चाकासमोर जमिनीवर बसून पायाच्या चवड्यांनी ते उचलणं हा जुना उपायही चांगला चालतो. कमरेतून वाकून उचलू नका.

सगळे नट हाताने लागले की गाडी उचललेली असतानाच पान्याने हलकेच टेकवा, पण शेजारचा शेजारी नव्हे. चार नट असतील तर एक लावला की त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. क्रमाचं कारण सरळ आहे. एकाच बाजूचे नट आधी आवळले तर चाक तिरकं बसतं, आणि नंतर बाकीचे कितीही आवळले तरी ते तिरकेपण पूर्ण जात नाही. या टप्प्यावर चाक हाताने थोडं हलवून, मागे नीट चिकटलं आहे ना हे पाहा आणि नट पुन्हा एकदा टेकवा.

मग जॅक उतरवा, पण पूर्ण नाही. टायर जमिनीला टेकून फिरायचा थांबेल इतकंच. आता टॉर्क रेंच. आधी निम्म्या आकड्यावर लावून त्याच चांदणीच्या क्रमाने एक फेरी. समजा आकडा १०० आहे, तर पहिली फेरी ५० वर. मग गाडी पूर्ण खाली, आणि पूर्ण आकड्यावर दुसरी फेरी. शेवटी तिसरी, तपासणीची फेरी, याच आकड्यावर. या फेरीत नट जागचा न हलता 'कट' व्हायला हवं. एखादा हलला तर दुसऱ्या नटांनी चाक आणखी आत ओढलं होतं असा अर्थ, आणि मग सगळ्यांची अजून एक फेरी करा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. 'कट' झालं म्हणजे नट निदान तेवढा आवळलेला आहे, एवढंच कळतं. तो दुप्पट आवळलेला असला तरी रेंच 'कट'च म्हणणार. म्हणून टायरच्या दुकानातून गनने आवळून आणलेली गाडी घरी रेंच लावून 'तपासली, बरोबर आहे' असं म्हणण्यात अर्थ नसतो. ती तपासायची असेल तर नट एकेक करून पाव-अर्धा फेरा सैल करावा आणि पुन्हा आकड्यावर आणावा. एका वेळी एकच.

चाकं गरम असताना हे करू नका. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरून आल्यावर डिस्क आणि हब हात लावता येणार नाही इतके तापलेले असतात. तापलेला धातू फुगलेला असतो आणि त्या अवस्थेतला टॉर्क थंड झाल्यावरचा राहत नाही. वाटेत चाक बदलावं लागलं तर बदला, पण गाडी थंड झाल्यावर नट पुन्हा पाहा.

आणि पुन्हा पाहणं हे तर प्रत्येक वेळी आहेच. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून, गाडी थंड असताना, त्याच आकड्यावर रेंच लावून एक फेरी करायची. सैल न करता, नुसतं लावून पाहायचं. बैठकीवरचे बारीक उंचवटे, राहिलेला रंग, सुटलेला गंज हे सगळं पहिल्या काही किलोमीटरमध्ये चेपलं जातं. नवे अलॉय, नवे स्टड, नवी डिस्क यांच्या बाबतीत ही फेरी चुकवू नका. पुण्याहून कोल्हापूरला निघण्याच्या आदल्या रात्री चाकं काढली असतील तर रेंच गाडीत टाका आणि पहिला चहा जिथे घ्याल तिथे, चाकं निवल्यावर, एकदा फिरवा. चार चाकांचं काम पाच मिनिटांचं आहे.

वाटेत रेंच नसेल तर? गाडीतला एल पाना मोजा. नटाच्या मध्यापासून तुमचा हात जिथे पडतो तिथपर्यंतची लांबी बघा. ती २५ सेंटिमीटर असेल तर १०० न्यूटन मीटरसाठी टोकाला साधारण ४१ किलोचा जोर लागतो, ४० सेंटिमीटर असेल तर सुमारे साडेपंचवीस. विमानप्रवासाची बॅग तोलायचा छोटा डिजिटल काटा घरोघरी असतो. पाना आडवा धरून त्याचं हुक टोकाला अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढत तो वजनाचा आकडा येईपर्यंत आवळा. रेंचइतकं अचूक नाही, पण नुसत्या अंदाजापेक्षा फार बरं. घरी पार्किंगमध्ये एकदा करून पाहिलंत तर तुमच्या हाताला तो जोर ओळखीचा होतो, आणि रस्त्यावर काटा नसला तरी पान्यावर उभं राहायची गरज वाटत नाही. घरी परतल्यावर मात्र नट सैल करून, रेंचने पुन्हा आवळा. लहान आकाराची तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. ती बहुधा ताशी ८० किलोमीटरची असते.

टायरवाल्याकडे गेल्यावर संकोच नको. 'दादा, गनने नुसते टेकवा, शेवटचं मी रेंचने करतो,' असं आधीच सांगितलं तर कुणी रागवत नाही. चांगल्या दुकानात तेही रेंच काढतात. न सांगता काम झालं तर सांगण्याला उपयोग उरत नाही. चोरीला आळा घालणारा, वेगळ्या किल्लीचा नट असेल तर त्याच्यावर गन मारू देऊ नका, किल्लीची नाजूक नक्षी तुटते. ती किल्ली कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

जर्मनी, स्वीडन, कॅनडा इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळं वर्षातून दोनदा करावं लागतं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर असा प्रघात आहे. चाकांचा दुसरा संच तळघरात ठेवून स्वतः बदलणं तिथे सर्रास चालतं. तिथला शत्रू रस्त्यावरचं मीठ. वसंतात हिवाळी चाक उतरवताना हबवर जाड गंज सापडतो, म्हणून घासण्याचं काम तिथे अधिक मनापासून करावं लागतं. काढलेल्या चाकांवर खडूने 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' असं लिहून ठेवा. लोखंडी आणि अलॉय अशा दोन संचांना बोल्टची लांबी आणि बैठक वेगळी लागू शकते, त्यामुळे दोन्ही संचांचे बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. चुकून लांब बोल्ट लागला तर तो हबच्या मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना घासू शकतो.

नट सैल झाल्याची चिन्हं चाक निघण्याच्या बरीच आधी दिसतात. हळू चालताना चाकाच्या गतीने येणारी 'टक टक', वेग वाढला की स्टिअरिंगमध्ये किंवा सीटखाली नव्याने जाणवणारी थरथर, नटाच्या भोवती भोकातून निघालेले गंजाचे तांबूस ओघळ, बैठकीभोवती घासून चकाकणारा धातू. यातलं काही जाणवलं तर पुढच्या पंपापर्यंत ओढू नका. इंडिकेटर देऊन कडेला घ्या, रहदारीपासून दूर उभे राहा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि नट पाहा.

सैल सापडला तर आवळून विषय संपत नाही. चाक सैल अवस्थेत किती चाललं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्या काळात स्टडना आडवे हेलकावे बसलेले असतात आणि त्यांच्यात बारीक भेगा असू शकतात. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या वाट्याचा भार बाकीच्यांनी सोसलेला असतो. म्हणून त्या चाकाचे सगळेच स्टड आणि नट बदलावेत, एकटा तुटलेला नव्हे. चाकाची भोकं लांबट झाली असतील, किंवा बैठक खाल्ली गेली असेल, तर ते चाक वेल्डिंग करून परत वापरू नये. भंगारात द्यावं आणि देण्याआधी कुणी पुन्हा गाडीला लावणार नाही अशा रीतीने त्याच्यावर मोठी फुली मारून ठेवावी.